कासिंडाचं निळं दार

आमच्या पोंता वस्तीत कुणाच्या घरी काय चाललंय हे आधी मला कळायचं, मग त्या घरातल्यांना. यात बढाई नाही. गल्लीत शिरायची वाट एकच, तिच्या तोंडाशी बदामाचं झाड, आणि झाडाखाली माझी खुर्ची. पुढ्यात पेटीवर बाटल्यांच्या झाकणांचा सोंगट्यांचा डाव. येणाराजाणारा माझ्या नाकासमोरून जाणार. लुआंडाच्या बंदरात छत्तीस वर्षं मी जहाजांतून उतरणारी पोती टिपून घेतली. निवृत्त झाल्यावर माणसं टिपायला लागलो, एवढंच.

झाडाला लागून कासिंडाचं घर. सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून वर दगड आणि एका मोडक्या शिवणयंत्राचं चाक. पण दार निळं. होड्यांना लावतात तो झणझणीत निळा रंग. दर डिसेंबरात सणाच्या आधी ती ते दार घासूनपुसून पुन्हा रंगवायची. एखाद्या वर्षी पिण्याचं पाणी उधार आणलं असेल, पण रंगाचा डबा कधी चुकला नाही.

शेजारची मिंगाश मासळी विकायची. तिचा आवाज असा की ती कोपऱ्यावर ओरडली तर खाडीपलीकडच्या गिऱ्हाइकाने पिशवी घेऊन निघावं. ती म्हणायची, "अगं कासिंडा, दाराला एवढा रंग लावतेस, त्यातला थोडा ओठांना लाव. नवरा तरी मिळेल."

"मिळाला तर तुला देईन," कासिंडा म्हणायची. "तुझा जुना झालाय."

कासिंडा मूळची पठारावरची, हुआंबोकडची. मक्याचा किसांग्वा करायची, गोडसर आंबूस पेय, आणि प्लास्टिकच्या डब्यातून डोक्यावर घेऊन बांधकामांवर विकायची. मी तिला हटकून छेडायचो. "तुम्हा पठारावरच्यांचं डोकं मक्याच्या पिठाचा चिकट फुंजे खाऊन पिवळं पडलंय." ती डबा न उतरवताच म्हणायची, "कोता अर्लिंदु, तुमचा कसाव्याचा फुंजे निवडणूक आली की पाठवा त्या पक्षाच्या ऑफिसात. पोस्टरं चिकटवायला खळ लागते त्यांना." मला सगळे कोता म्हणतात. वडीलधारा म्हणून म्हणतात असं मी समजतो. मिंगाश म्हणते, नुसतं अर्लिंदु म्हटलं की मी लवकर गप्प बसत नाही म्हणून.

आता दाराचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्र्याण्णव साली हुआंबोत पंचावन्न दिवस लढाई झाली. शहर पडलं, आणि जी माणसं उरली ती किनाऱ्याच्या दिशेने चालत सुटली. कासिंडाचा नवरा आधीच्या लढाईत गेलेला. एकच मुलगा, एव्हारिस्तु, नऊ वर्षांचा. घरात त्याला तितु म्हणायचे. डोक्यावर गाठोडं, हातात पातेलं, म्हणून तिने त्याला सांगितलं होतं, माझ्या कमरेच्या कापडाचं टोक धर आणि काहीही झालं तरी सोडू नकोस. सहा दिवस त्याने सोडलं नाही. सातव्या दिवशी दुपारी कुबाल नदीच्या उतारावर कुणीतरी ओरडलं, विमान आलं. विमानबिमान काही नव्हतं. पण माणसं धावली, धूळ उठली, पाण्यातून पलीकडे गेली. कासिंडाही गेली. कमरेला ओढ जाणवत होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. पलीकडे तासभर चालल्यावर तिने पाणी द्यायला मागे वळून पाहिलं, तर कापड धरून चालणारं पोर दुसरंच होतं. पाचेक वर्षांची मुलगी, डोळे मिटून चालत होती.

ती मुलगी तिने बेंगेलापर्यंत आणली आणि तिथल्या चर्चच्या सिस्टरांकडे दिली. नदीकडे परत जायला निघाली तर शिपायांनी अडवलं. लोबितुहून खारवलेली मासळी आणणाऱ्या एका बोटीवर चढून ती लुआंडाला आली. त्या बोटीतलं सामान टिपायला धक्क्यावर मीच होतो. दोनशे चाळीस पेट्या मासळी आणि एक बाई, हातात पोराचा लाल लोकरी स्वेटर. पठारावर सकाळी थंडी असते. दुपारी उकडायला लागलं म्हणून तितुने तो काढून आईकडे दिला होता. मी म्हटलं, "बाई, इथे लुआंडात लोकर? इथे माणसं कातडीसुद्धा काढून ठेवतील." ती हसली नाही. माझ्या विनोदाला न हसलेली माणसं माझ्या लक्षात राहतात.

दोन हजार दोन साली युद्ध संपलं. मग शहरातल्या मोठ्या चौकात दर शुक्रवारी टीव्हीचा कॅमेरा लागायचा. हरवलेल्यांना शोधणारी माणसं रांग लावायची, प्रत्येकाला अर्धा मिनिट. नाव सांगायचं, कुठे ताटातूट झाली ते सांगायचं, आता कुठे राहता ते सांगायचं. आमच्या पोंताला ना रस्त्याचं नाव, ना घराला नंबर. म्हणून कासिंडा कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "तितु, मी आई. लुआंडात, पोंतात राहते. गल्लीच्या तोंडाशी बदामाचं झाड आहे. त्याला लागून निळं दार. ते माझं."

झालं. त्या दिवसापासून ते दार निळंच राहायला हवं होतं.

चौकात किती जण सापडले! कुणाला बहीण सापडली, कुणाला बाप, एकाला तर बायको सापडली आणि तो तोंड लपवून पळाला, कारण इथे दुसरी केली होती. मिंगाशने ती गोष्ट दोन वर्षं पुरवून पुरवून सांगितली. कासिंडा पाच वर्षं शुक्रवारी जात राहिली. नंतर कॅमेरा यायचा बंद झाला. पठारावरून तिच्या दूरच्या नात्यातले दोघे एकदा आले आणि म्हणाले, मुलाचा दुखवटा करून टाक, न रडलेला जीव वाटेवर भटकत राहतो. तिने त्यांना जेवायला घातलं, आणि जाताना सांगितलं, "पुन्हा हे बोलायचं असेल तर येऊ नका."

एवढ्यात शहर बदललं. समुद्रातल्या तेलाचा पैसा आला. कुठे आला ते आम्हाला दिसत नव्हतं, पण भाव दिसत होते. बंदराबाहेर सिमेंटची जहाजं महिना महिना रांगेत उभी. पोंताच्या मागे काचेचे मनोरे उगवले. आमच्याकडे वीज गेली की मनोऱ्यांच्या दिव्यांत मिंगाश मासळी साफ करायची. म्हणायची, "बघा कोता, सरकारने आपल्यालाही तेल दिलं. उजेड पडतोय ना?" तेच मनोरे बांधणाऱ्यांना कासिंडा किसांग्वा पाजायची. चिनी मुकादम डबा उघडून वास घेऊन नाक मुरडायचा आणि दोन पेले प्यायचा.

मग पालिकेचा व्हालदेमार आला. चांगला पोरगा. बूट पॉलिश केलेले, आणि आमच्या गल्लीत पॉलिश टिकत नाही म्हणून अर्धा वेळ वाकून बूटच पुसायचा. त्याच्या हातात लाल रंगाचा डबा. प्रत्येक दारावर नंबर काढत गेला. ज्याच्या दारावर नंबर, त्याला शहराबाहेर चाळिसाव्या किलोमीटरवर नवं घर. कासिंडाच्या दारावर लाल अक्षरांत दोनशे सतरा आलं. हे झालं नोव्हेंबरात.

डिसेंबरात तिने दार रंगवलं.

मी खुर्चीत बसलो होतो, माझ्या डोळ्यांदेखत. दोनशे सतराच्या जागेवरून निळा कुंचला फिरला. मी म्हणालोसुद्धा, "कासिंडा, नंबर गेला."

"जाऊ दे. मी त्याला निळं दार सांगितलंय. निळ्यावर लाल असलेलं नाही सांगितलं."

मी हसलो. ही बाई कुणाचं ऐकणार आहे! मीही फार जोर केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता.

पुढच्या साली मे महिन्यात, कासिंबुची धुक्याची थंडी सुरू व्हायच्या सुमारास, व्हालदेमार कागद घेऊन आला. मंगळवारी सकाळी घरं पाडायचं मशीन येणार. सामान बांधून ठेवा. पोंतात काहीतरी मोठं होणार होतं, कागदावरच्या चित्रात हॉटेल होतं, झाडं होती, आणि एक गोरी बाई कुत्रा फिरवत होती. मिंगाश म्हणाली, "कुत्र्याला जागा आहे, बघा."

आम्ही धावाधाव केली. एका संघटनेचा वकील होता. तो म्हणाला, पुढच्या सोमवारपर्यंत कोर्टाचा स्थगितीचा कागद आणतो. फक्त तोवर घरं उभी हवीत, पडल्यावर कागदाला अर्थ नाही. म्हणजे मंगळवार ते सोमवार. सात दिवस काढायचे होते.

रविवारी सगळी गल्ली बदामाखाली जमली. कुणी म्हणे रस्त्यावर आडवे पडू, कुणी म्हणे बिशपकडे जाऊ. आणि तेव्हा ती मसलत ज्या तोंडातून निघाली, ते तोंड माझं.

मी म्हटलं, "दुखवटा करू."

आमच्याकडे दुखवट्याच्या घराला कुणी हात लावत नाही. चटया अंगणात पडल्या, बायका रडायला बसल्या, की पोलीससुद्धा टोपी काढून वळसा घालून जातो. सातव्या दिवशी कोंबा होतो, म्हणजे घर कानाकोपऱ्यापासून झाडून काढतात, गेलेल्याच्या वस्तू वाटून टाकतात, आणि मग ते घर मोकळं. तोवर नाही. मशीनवाला पण कुणाच्या तरी आईच्या पोटचा असतो. मरणाच्या घरावर मशीन घातलं तर मरण मागे लागतं, हे त्यालाही माहीत.

"आयडिया बेस," मिंगाश म्हणाली. "पण मेलंय कोण? माझी सासू द्या. मालांजेला आहे. ब्याण्णवची. अजून मरत नाही ती मला त्रास म्हणून."

सगळे हसले. मी म्हटलं, "सासू मालांजेची, तर दुखवटा मालांजेत. इथला हवा. आणि मशीन आत शिरणार ते या तोंडाशी. हे पहिलं घर उभं राहिलं, तर मागची सगळी उभी." असं म्हणताना मी निळ्या दाराकडे पाहिलं. मग मलाच कळलं मी कुठे पोहोचलोय. हसणं थांबलं. या घरातलं रडण्यासारखं माणूस एकच होतं.

कासिंडा डबा धूत होती. तिने हात पुसले.

"खोटं खोटं ना, कोता?"

"खोटं खोटं. नाटक. सात दिवस."

"घर राहील?"

"राहील."

ती म्हणाली, "तो जिथे असेल तिथे त्याला ऐकू तर नाही ना जाणार?"

मी, जो कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं तयार ठेवतो, म्हणालो, "नाही गं. एवढ्या लांब कुठे."

मंगळवारी सकाळी मशीन आलं तेव्हा अंगणात चटया होत्या. मिंगाशने असा टाहो फोडला की मला स्वतःला कुणीतरी गेल्याचा भास झाला. कासिंडा भिंतीला टेकून काळं कापड पांघरून बसली होती. व्हालदेमारने टोपी काढली, बुटांकडे बघायचं विसरला.

"कोण गेलं, कोता?"

"हिचा मुलगा. एव्हारिस्तु. पठारावरून निरोप आला."

"किती वयाचा?"

माझी गणितात कधी चूक होत नाही. "अठ्ठावीस."

"माझ्याएवढाच," तो म्हणाला. मग त्याने पाकिटातून हजार क्वांझा काढून ताटलीत ठेवले, आणि मशीनवाल्याला सांगितलं, कोंबा होईपर्यंत थांब. मशीनवाला बुटका, त्याला सगळे कांबुता म्हणायचे. मशीन सोडून जायची त्याला परवानगी नव्हती. म्हणून तो बदामाखाली येऊन बसला, आणि दुखवट्याला आलेल्याला जेवायला घालावं लागतं, म्हणून आमचीच राजमा-भात-मासळी सात दिवस जेवला. तिसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी झाकणांचा डाव खेळायला लागला. हरायचा. मिंगाश माझ्या कानात म्हणाली, "शत्रूला जेवायला घालून जाडा करताय. मशीनमध्ये मावायचा नाही, तेवढाच फायदा."

पहिले दोन दिवस गंमत होती, खोटं कशाला बोलू. नवं माणूस आलं की बायकांनी पुन्हा टाहो फोडायचा असतो. दूरच्या वस्त्यांतून खरोखरच माणसं यायला लागली, त्यांना कुठे माहीत नाटक आहे. चर्चचा उपदेशक आला, त्याने प्रार्थना म्हटली. बायका आत जाऊन पाणी प्यायच्या, हसू दाबायच्या, परत येऊन रडायच्या. कासिंडा रडत नव्हती. नुसती बसून होती. मी तिच्याजवळ जाऊन पुटपुटलो, "थोडं तरी रड बाई. आईच रडत नाही म्हणून लोक बघतायत."

"जमत नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी एक म्हातारी आली. पठारावरची, कुणाच्या तरी ओळखीने. ती आल्याबरोबर त्यांच्याच भाषेत रडायला लागली. मला त्यांची भाषा कामापुरती येते. ती विचारत होती, तुला कुणी पाणी दिलं का रे, तुला कुणी मातीत ठेवलं का रे, की तू नदीवरच आहेस. बस, एवढंच.

कासिंडाच्या घशातून जे निघालं त्याला मी रडणं म्हणणार नाही. पंगतीत वाढणाऱ्या बायका थांबल्या. मिंगाशने तोंडावर हात ठेवला. कांबुताने हातातलं झाकण खाली ठेवलं. कासिंडा "तितु, तितु" करत होती, एव्हारिस्तु नाही, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या कमरेचं कापड मागून ओढत होती, जणू कुणी ते धरलंय का ते बघतेय. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं. दिवेलागणीपर्यंत चाललं. त्यानंतर कुणी हसू दाबायला आत गेलं नाही. दाबायला हसूच उरलं नव्हतं.

शनिवारी मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, "कासिंडा, हे नाटक होतं. लक्षात आहे ना? सोमवारी कागद येईल. तू पुन्हा दार रंगवशील."

लहान मुलाकडे बघावं तशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोता, मला एकोणीस वर्षांत त्याचा चेहरा दिसत नव्हता. नऊ वर्षांचा आठवला की वाटायचं, आता मोठा झाला असेल, आणि मोठा डोळ्यांपुढे आणला की पुसट व्हायचा. काल दिसला. नदीतच होता. नऊच वर्षांचा."

वकिलाचा फोन लागत नव्हता. रविवारी लागला. न्यायाधीश रजेवर, कागद पुढच्या महिन्यात. म्हणजे नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. पण ज्याचं तोंड दिवसभर चालू असतं तो गप्प बसला की गल्लीला कळतं.

सोमवारी कोंबा झाला. बायकांनी घर झाडलं, छपराची जळमटं काढली, कोपरे झाडले, केर एका पाटीत भरून समुद्राकडे नेऊन टाकला. मग वस्तू वाटायची वेळ आली. मी मिंगाशला डोळ्यांनी खुणावलं की हे आता पुरे, आवर. नाटकात वस्तू कसल्या वाटता? पण कासिंडा उठली, आत गेली, आणि पत्र्याच्या पेटीतून तो लाल स्वेटर घेऊन आली. कोपराला विरलेला, बाकी जसाच्या तसा.

गेलेल्याची वस्तू दुखवट्यात शेवटपर्यंत बसलेल्याला द्यायची असते. तिने इकडेतिकडे पाहिलं. मिंगाश दोनदा बाजाराला जाऊन आली होती. मी बुधवारी नातीकडे गेलो होतो. सातही दिवस अंगण न सोडलेला माणूस एकच होता.

"तुला मूल आहे का रे?" तिने कांबुताला विचारलं.

"एक मुलगा आहे, दोना," तो बाईंना मानाने म्हणतात तसं म्हणाला. "आठ वर्षांचा."

"पुढच्या साली अंगाला येईल," ती म्हणाली आणि तो त्याच्या हातात दिला. कांबुता उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. "दोना, मी… उद्या सकाळी मला…"

"माहीत आहे," ती म्हणाली. "जेवून जा."

मंगळवारी आठ वाजता मशीन सुरू झालं. व्हालदेमार यादी घेऊन दारोदार फिरत होता. निळ्या दाराशी आला आणि थांबला. "दोना, नंबर?"

"दोनशे सतरा होता," मीच पुढे झालो. "तूच काढलास. रंगाखाली आहे."

त्याने यादी उलटसुलट केली. दुसऱ्यांदा तपासणी झाली होती डिसेंबरानंतर, दुसऱ्याच माणसाने केलेली. ज्या दारावर नंबर नाही त्यावर रेघ मारलेली. दोनशे सोळानंतर दोनशे अठरा. व्हालदेमार नखाने दाराचा रंग खरवडायला लागला. पॉलिश केलेल्या बुटांवर निळे पोपडे पडत होते. खाली आधीच्या सालचा निळा निघाला. तिने रंगवण्याआधी लाल घासून काढलं होतं. ती सगळंच नीट करायची.

"सोड रे पोरा," कासिंडा म्हणाली. "हात खराब होतायत तुझे."

दार मी आणि मिंगाशच्या नवऱ्याने बिजागऱ्यांसकट उचकटून ट्रकमध्ये टाकलं. का टाकलं, सांगता येत नाही. मग भिंती पडल्या. पहिला धक्का दिला तेव्हा कांबुताने आमच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या शेजारच्या बैठकीवर तो लाल स्वेटर घडी करून ठेवलेला होता.

आता आम्ही चाळिसाव्या किलोमीटरवर असतो. लाल माती, एकसारखी घरं, पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा. समुद्र नाही, म्हणून मिंगाशचा आवाज आता बर्फातल्या मासळीसाठी चालतो, आणि बर्फ येईपर्यंत मासळीच बोलायला लागते. माझ्या दोन खोल्यांच्या मागे पत्र्याची एक खोली काढून कासिंडाला दिली. फुकट राहते म्हणून ती रोज सकाळी माझ्या दारात किसांग्वाचा पेला ठेवते, मक्याचा. मी पितो. पूर्वी नावं ठेवून प्यायचो.

इथे कामं नाहीत, म्हणून ती फारशी बाहेर पडत नाही. काळं कापड वर्षानंतर उतरवायचं असतं, तिने अजून उतरवलेलं नाही. मी तिला छेडून पाहतो. निवडणूक आली, पोस्टरं लागली, मी मुद्दाम म्हणालो, "कासिंडा, यांना खळ पाठवू का माझ्या फुंजेची?" ती म्हणाली, "पाठवा." आणि भांडी घासत राहिली.

मागच्या सालची गोष्ट. पेन्शनच्या कामासाठी मी शहरात गेलो होतो. पाय आपोआप पोंताकडे वळले. हॉटेल झालेलं नाही. तेलाचा भाव पडला म्हणे, काम अर्ध्यावर थांबलं. चारमजली सांगाडा, पुढे कुंपण. पण बदाम आहे. तो चित्रात होता, म्हणून राखला असावा. खाली पहारेकऱ्याची खुर्ची होती, माझी होती तिथेच. त्याच्याशी मी बोललो, पहारेकऱ्याशी बोलणं मला जमतं. त्याला म्हटलं, "बाबा, एखादा तिशीतला माणूस आला, निळं दार कुठे म्हणून विचारायला लागला, तर त्याला सांग, चाळिसावा किलोमीटर, कोता अर्लिंदुचं घर."

तो म्हणाला, "निळं दार? तसं विचारत आला होता एक जण. गेल्या कासिंबुत. की त्याच्या आदल्या."

"मग? कसा होता? नाव काय?"

"नाव कुठे विचारतोय मी. माणसं रोज येतात कोता, ज्यांची घरं इथे होती ती. कुणाचं हिरवं दार, कुणाचं पिवळं. त्याला बहुतेक निळंच हवं होतं. मी म्हटलं इथे दारं नाहीत. गेला."

दोन तास मी त्याला उलटसुलट विचारत राहिलो. उंच होता की बुटका, बोलीत पठारावरची लकब होती का, एकटा होता का. शेवटी तो इतका कंटाळला की म्हणाला हिरवंही असेल.

घरी येऊन मी हे सांगावं की नाही, यावर तीन दिवस काढले. माझ्या पोटात गोष्ट तीन दिवस राहिली, हा विक्रम असेल. चौथ्या दिवशी सांगितली. कासिंडा ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही त्याला या घराचा पत्ता दिलात?"

"दिला."

"का दिलात?"

"अगं, समजा तोच असेल…"

"त्याच्या दुखवट्याचं जेवण आपण जेवलो, कोता," ती म्हणाली. "घर झाडलं. कपडा दिला. आता कुणी आला तर मी त्याला कोण म्हणून आत घेऊ?"

मी म्हटलं ते नाटक होतं. शपथेवर सांगितलं. तिने मान हलवली, तुमचं खरं म्हणावं तशी, आणि आत गेली.

ते दार पत्र्याच्या खोलीला मीच बसवलं होतं. ऊन इथे फार, निळा रंग उडून लाकूड दिसायला लागलं होतं. डिसेंबर आला तेव्हा मी शहरातून होड्यांच्या रंगाचा डबा घेऊन आलो, तोच निळा, आणि तिच्या उंबऱ्याशी ठेवला. तो डबा तिने उघडला नाही. सणाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या कुंपणाचा उरलेला करडा रंग मागून आणला आणि दार रंगवलं. नीट रंगवलं, कडा, बिजागऱ्या, सगळं. निळ्याचा डबा मिंगाशच्या नवऱ्याने मागितला, त्याला तिने देऊन टाकला.